पायाशी बसणारी

२०१९ सालचा ऑक्टोबर. अमेरिकेच्या उत्तर टोकाला, डुलुथमध्ये तो महिना नेहमीच घाईचा. सरोवर गोठायच्या आत खनिजाची जहाजं शेवटच्या फेऱ्या उरकत असतात, बायका परसातली गाजरं उपटून वाळूत पुरून ठेवतात आणि टेकडीवरचे म्हातारे बर्फाची फावडी तळघरातून वर आणून दाराशी उभी करतात. व्हर्ना आल्टोनेनला तो महिना अजून तारखेवार आठवतो. ती तेव्हा एकोणसत्तर वर्षांची होती आणि विद्यापीठातली आपली खोली रिकामी करायला तिला जूनपर्यंतची मुदत होती.

व्हर्ना मानसशास्त्राची प्राध्यापक. लढाईवरून परतलेल्या माणसांचं ऐकण्यात तिची चाळीस वर्षं गेली होती. ज्यांना कुठलंच औषध लागू पडलं नव्हतं, अशांसाठी तिनं जाता जाता एक शेवटचा प्रयोग हाती घेतला होता. एका जातीच्या भूछत्रातलं द्रव्य. तिच्या कॉलेजच्या दिवसांत मुलं ते चोरून खायची आणि पोलीस त्यांना धरून न्यायचे. आता तेच द्रव्य सरकारी परवानगीनं, मोजून, कॅप्सूलमध्ये भरून तिच्याकडे यायचं. ह्या बदलाचं तिला मनातून फार हसू यायचं.

कामाची पद्धत साधी होती. सकाळी नऊला माणूस यायचा. विद्यापीठाच्या मागच्या जुन्या विटांच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, एक कोच, गालिचा, दोन खुर्च्या आणि खिडकीतून दिसणारं सरोवर. माणसानं चिनीमातीच्या पेल्यातली कॅप्सूल घ्यायची, डोळ्यांवर पट्टी बांधायची, कानांत संगीत लावायचं आणि आडवं व्हायचं. दोन सोबती दोन बाजूंना बसायचे ते संध्याकाळी पाचपर्यंत. दर पाच मिनिटांनी एकानं नोंद करायची: श्वास किती, हालचाल काय, बोलला का. निम्म्या लोकांच्या कॅप्सूलमध्ये नुसतं व्हिटॅमिन असायचं. कुणाला काय मिळालं हे सोबत्यांनाही ठाऊक नसायचं. ती पाकिटं प्रयोग संपल्यावरच उघडायची.

दोन नियम मात्र मोडायचे नाहीत. माणसाला क्षणभरही एकटं सोडायचं नाही. आणि आधी ठरवल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. लावलाच तर हाताला किंवा खांद्याला. पायाला कधीच नाही.

व्हर्नाचा जोडीदार होता रे बेलँजर. फाँडुलॅकच्या ओजिब्वे आदिवासींच्या वस्तीतला, पन्नाशीचा, सैन्यात जखमा बांधणारा म्हणून राहिलेला, आता नर्स. माणूस जाडजूड, पण पाऊल मांजराचं. तो तिला चिडवायला ‘प्राध्यापकबाई’ म्हणायचा आणि तिच्या सुक्या राय-पावाला ‘फिनलंडची वीट’.

पहिली विचित्र गोष्ट घडली ती सप्टेंबरातच. त्या वेळी ती कुणालाच विचित्र वाटली नाही. कोरीन टेट नावाची इराकमध्ये ट्रक चालवलेली बाई संध्याकाळी उठून बसली, डोळे पुसले, सूप प्यायली आणि जाताना म्हणाली, “त्या तिसऱ्या बाईंनाही माझे आभार सांगा.”

“कोण तिसऱ्या?” व्हर्नानं विचारलं.

“पायाशी बसल्या होत्या त्या. माझी टाच हातात धरून. सगळं डोकं भणभणत होतं, पण टाच तेवढी जमिनीवर आहे असं वाटत होतं.”

व्हर्नानं ते लिहून घेतलं. असलं पुष्कळ ऐकायची तिला सवय होती. ह्या औषधावर माणसांना मेलेली आजी भेटते, झाडं बोलतात. टाच धरणारी बाई त्यामानानं किरकोळ.

तीन आठवड्यांनी डेल प्रू आला. दोन मीटर उंचीचा मरीन सैनिक. बोलायचा इतकं हळू की पुढे वाकून ऐकावं लागे. तो कोरीनला ओळखत नव्हता. संध्याकाळी तो बूट घालता घालता थांबला.

“पायाकडे ज्या बसल्या होत्या त्यांच्या हाताला संत्र्याचा वास येत होता,” तो म्हणाला.

त्या खोलीत खायला काही आणायचं नाही असा दंडक होता. रेनं व्हर्नाकडे पाहिलं. व्हर्नानं खिडकीकडे पाहिलं. कारण दुपारी दोनच्या सुमारास तिलाही तो वास आला होता. साल सोलताना जे बारीक तुषार उडतात ना, तो वास. 

डेल गेल्यावर रे कोच सारून साफसफाई करत होता. तो खाली बसला.

“प्राध्यापकबाई, इकडे या जरा.”

कोचाच्या पायथ्याशी गालिच्यावर तीन खळगे पडले होते. रुपयाएवढे, खोल, त्रिकोणात. बरेच दिवस कुणी तिपाई ठेवून उचलली तर पडतील तसे. त्या खोलीत तिपाई नव्हती.

“सफाईवाल्यांनी काही ठेवलं असेल,” व्हर्ना म्हणाली.

“असेल,” रे म्हणाला. त्यानं ओल्या फडक्यानं आणि काट्यानं गालिच्याचे धागे उभे केले. खळगे बुजले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा होते. मग त्यानं तो नाद सोडला, फक्त कोच तिथून बोटभरही हलवायचा नाही असं त्यानं सांगून टाकलं.

“का रे?” व्हर्नानं विचारलं.

“बसलेल्या माणसाला उठवू नये, अशी आमच्या घरची रीत आहे.”

व्हर्ना हसली. पण तिनं चित्रफीत मागवून घेतली. प्रत्येक दिवसाचं चित्रण व्हायचं. छताजवळ कॅमेरा होता. दोघांनी मिळून डेलचे आठ तास पाहिले. खोलीत तिसरं कुणी नव्हतं. दोन वाजून चार मिनिटांनी डेलची उजवी टाच कोचावरून इंचभर वर उचलली गेली आणि अकरा मिनिटं तशीच राहिली. थरथरली नाही, हलली नाही.

“स्नायूंचा ताण,” व्हर्ना म्हणाली.

“तुम्ही पाय उचलून दाखवा ना अकरा मिनिटं,” रे म्हणाला. “मी घड्याळ लावतो.”

तिनं लावू दिलं नाही.

ओरिन लस्कचा दिवस होता एकोणतीस ऑक्टोबर, मंगळवार.

ओरिन एकाहत्तर वर्षांचा. गावातला उचलता पूल तोच चालवायचा. बंदराच्या तोंडावरच्या त्या लोखंडी खोलीत त्यानं एकतीस वर्षं काढली आणि कुठल्याही जहाजाला त्याच्यासाठी कधी थांबावं लागलं नाही. सारं गाव त्याचं कौतुक करायचं की ह्या माणसाच्या डोळ्याला डोळा लागत नाही. ते शब्दशः खरं होतं हे फक्त त्याच्या बायकोला, लव्हॉनला ठाऊक होतं. एकावन्न वर्षं तो आडवा झोपला नव्हता. दाराकडे तोंड करून खुर्चीत बसायचा, मांडीवर टॉर्च, आणि पहाटे केव्हातरी मान पडायची ती विसेक मिनिटं.

तयारीच्या बैठकांना लव्हॉन बरोबर यायची. गोरटेली, ठेंगणी, जंगली तांदळाचं सूप घट्ट झाकणाच्या डब्यात घेऊन. एकदा ओरिन बाहेर गेल्यावर ती म्हणाली, “डॉक्टर, लग्नाला एकोणपन्नास वर्षं झाली. मी अर्ध्या पलंगावर झोपते. दुसऱ्या अर्ध्यावर इस्त्रीचे कपडे ठेवते. मुलगी म्हणते, आई, टूसॉनला ये, इकडे ऊन आहे. मी तिला नाताळपर्यंत थांब म्हटलंय.”

“आणि मग?”

“मग कपडे तरी कुणासाठी इस्त्री करायचे?” लव्हॉन म्हणाली आणि डब्याचं झाकण लावत बसली.

ओरिननं आपली गोष्ट चौथ्या बैठकीत सांगितली, तीही हवापाणी सांगावं तशी. वीस वर्षांचा होता. व्हिएतनाममधली एक टेकडी. पहारा त्याचा होता. एक सिगारेट संपेल एवढा वेळ त्याला झोप लागली. उठला तेव्हा शेजारी झोपलेला वॉल्टर पिंट मेलेला होता.

“बस्स,” तो म्हणाला. “त्यात मानसशास्त्र काही नाही, डॉक्टर. मी जागा असतो तर तो उठला असता. एवढं साधं आहे.”

व्हर्नानं त्याला खोडून काढलं नाही. असल्या हिशेबाला बोलून उत्तर देता येत नाही हे ती कधीच शिकली होती.

“एकदाच येईन,” ओरिननं बजावलं. “नाही जमलं तर लव्हॉनला मी स्वतः टूसॉनच्या विमानात बसवीन.”

त्या मंगळवारी सरोवरावर धुकं इतकं दाट होतं की खिडकीत नुसता पांढरा पडदा लावल्यासारखं वाटत होतं. दर मिनिटाला बंदराचा भोंगा वाजत होता. ओरिन वीटकरी मोजे घालून कोचावर पडला. पडला म्हणजे डोक्याखाली चार उशा घेऊन टेकला. कॅप्सूल हातात घेतली.

“ह्याची चव कशी असते, डॉक?” त्यानं रेला विचारलं. सैन्यात जखमा बांधणाऱ्याला डॉकच म्हणतात.

“तुमच्या पुलावरच्या कॉफीपेक्षा बरी.”

“मग मुकाट गिळतो.”

साडेदहापर्यंत त्याचे कान आणि गळा लाल झाले, खाज आली, आणि मग काहीच नाही. नाडी संथ. श्वास संथ. अकरा वाजता त्यानं पट्टी वर केली.

“ते व्हायोलिन बंद करता येईल का? मांजराला कुणीतरी पिळतंय.”

व्हर्ना समजून चुकली. लाल कान म्हणजे व्हिटॅमिन. वीस माणसं पाहिल्यावर ते कळतंच. रेलाही कळलं होतं. त्यानं तिच्याकडे न बघता ओठ दाबले. नियमाप्रमाणे काही बोलायचं नव्हतं, पाचपर्यंत बसून राहायचं होतं.  लव्हॉन खाली मोटारीत विणत बसली होती.

बारा वाजले. एक वाजला. ओरिन उशांना टेकून जागाच होता. पट्टीखाली भुवया हलत होत्या.

दोनला पाच कमी असताना खालून औषधपेढीतून निरोप आला: एका पाकिटाच्या मोहोरेवर सह्या हव्यात, आत्ता. रेनं हातातला नोंदीच्या कागदाचा छोटा फळा आपल्या खुर्चीवर ठेवला आणि खुणेनं विचारलं. व्हर्नानं मान हलवली: जा, मी आहे.

दार हळूच लागलं. धुक्यात भोंगा वाजला. संगीत त्या संथ, खालच्या सुरांच्या भागात आलं होतं. खोली उबदार होती. आता काही होणार नाही ह्याची व्हर्नाला खात्री होती, आणि ती खात्रीच तिला नडली. चाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. तिला संत्र्याचा वास आल्याचं आठवतं. मग काहीच आठवत नाही.

जाग आली तेव्हा घड्याळात दोन वाजून अठरा मिनिटं झाली होती.

तिची हनुवटी छातीवर टेकलेली होती. मान अवघडली होती. ती दचकून सरळ झाली.

ओरिन झोपला होता.

चारही उशा खाली गालिच्यावर होत्या, एकावर एक नीट रचलेल्या. तो पाठीवर, सपाट, तोंड जरासं उघडं ठेवून, लहान मुलासारखा झोपला होता. हलकेच घोरत होता.

उजवी टाच कोचावरून इंचभर वर होती.

मोज्याच्या लोकरीत पाच ठिकाणी लहान खोलवट दिसत होती. बाहेरच्या कडेला चार. आतल्या बाजूला एक.

व्हर्ना हलली नाही. तिला भीती वाटली नाही, हे तिनं पुढे रेला शपथेवर सांगितलं. कुणीतरी आपलं काम करत असताना आपण मध्ये बोलू नये, एवढंच तिला वाटलं.

दार उघडलं. रे आला. तो उंबऱ्यातच थांबला. त्यानं टोपी काढली.

टाच सावकाश खाली आली. उशीवर बाळाचं डोकं ठेवावं तशी. लोकर फुगली आणि खोलवट नाहीशी झाली.

मग रेनं आपल्या खुर्चीवरचा फळा उचलला. त्यानं तो वाचला आणि व्हर्नाच्या मांडीवर ठेवला.

एक पंचावन्नपर्यंत रेचं निळ्या शाईतलं गिचमिड अक्षर होतं. त्याखाली पेन्सिलीनं, उभ्या, जुन्या शाळेतल्या वळणाच्या अक्षरांत तीन नोंदी होत्या.

२.०५. उशा काढल्या. झोपला. श्वास चौदा.

२.१०. झोपला. श्वास चौदा.

२.१५. दोघंही झोपली. त्याचे चौदा. तिचे सोळा.

खोलीत पेन्सिल नव्हती.

ओरिन सव्वापाचला उठला. आधी त्याला कळेना आपण कुठे आहोत. मग त्यानं पाठीखालचा कोच चाचपून पाहिला आणि त्याचा चेहरा एकदम पांढरा पडला.

“मी झोपलो?”

“तीन तास,” व्हर्ना म्हणाली.

“आणि पहारा?”

हा प्रश्न त्यानं तिला विचारला नव्हता, तिला ते कळत होतं. तरी उत्तर द्यायची पाळी तिची होती. रे तिच्याकडे पाहत होता. ती सहज म्हणू शकली असती, आम्ही दोघं होतो ना.

“ओरिन,” ती म्हणाली, “रे खाली गेला होता. पहारा माझा होता. मला झोप लागली.”

तो कोपरावर उठला.

“तुम्हाला?”

“पंधरा-वीस मिनिटं.”

“डॉक्टर, तुम्ही झोपलात? पहाऱ्यावर?”

“हो.”

त्याच्या तोंडाची एक बाजू हलली. मग दुसरी. मग तो हसायला लागला, खदाखदा, पोट धरून, आणि हसता हसता कधी रडायला लागला ते त्यालाही कळलं नाही. रेनं ठरल्याप्रमाणे त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“मेलं का कुणी?” ओरिननं शेवटी विचारलं.

“नाही. कुणी नाही.”

“बघा म्हणजे.” त्यानं बाहीनं नाक पुसलं. मग पायांकडे पाहिलं. “ती बाई म्हणालीच होती. तू झोप, मी जागी आहे, म्हणाली. इतकं साधं म्हणाली. एकावन्न वर्षांत मला असं कुणी म्हणालं नव्हतं.”

व्हर्नानं त्या रात्रीची वाटही न पाहता, तिथेच बसून आपली चूक लिहून काढली आणि देखरेख समितीला पाठवली. चित्रफितीत तिची पडलेली मान दिसत होती. उशा एकामागून एक ओरिनच्या डोक्याखालून सरकताना दिसत होत्या, त्यानंच झोपेत सारल्या असाव्यात अशा. रेची खुर्ची चौकटीच्या बाहेर होती. पेन्सिलीच्या नोंदींबद्दल समितीनं एवढंच म्हटलं की त्या कुणी केल्या हे स्पष्ट होत नाही. प्रयोग सहा आठवडे थांबवला, आणि पुढे खोलीत आणखी एक सोबती असावा, त्याची बसायची जागा कोचाच्या पायथ्याशी असावी, असं लेखी कळवलं.

रे ते पत्र वाचून खुर्चीत कोसळून हसला. “आता तिला गळ्यात घालायचं ओळखपत्र द्यावं लागणार, प्राध्यापकबाई. फोटो कुठून आणायचा?”

ते सहा आठवडे उलटून जेमतेम तीन महिने झाले तोच साथ आली आणि सगळंच बंद पडलं. पाकिटं पुढच्या वर्षी उघडली. ओरिनच्या पाकिटात व्हिटॅमिनच होतं.

ह्याला आता सहा वर्षं होत आली.

कोरीन टेट पलीकडच्या काठावर, सुपीरियर गावात शाळेची बस चालवते. डेल प्रूनं मधमाश्या पाळल्या. दर सप्टेंबरात व्हर्नाच्या दाराशी मधाची बरणी येते, चिठ्ठीशिवाय. रे बेलँजर आता त्या खोलीचा प्रमुख आहे. इमारत रंगवली, खिडक्या बदलल्या, पण गालिचा त्यानं बदलू दिला नाही.

लव्हॉन टूसॉनला गेली नाही. इस्त्रीचे कपडे तिनं कपाटात ठेवले आणि ओरिन पलंगाच्या दाराकडच्या अर्ध्यावर झोपू लागला. पहिल्या आठवड्यात तिनं फोन केला होता. “डॉक्टर, तो घोरतो! इतकं घोरतो! मला आता झोप येत नाही,” आणि दोघी किती वेळ नुसत्या हसत होत्या. फोन ठेवायच्या आधी ती सहज म्हणाली, “एक विचारू? त्याच्या पायाकडे गालिच्यावर तीन खळगे पडतात. मी आपलं त्यांना वगळून झाडते. चालेल ना?”

“चालेल,” व्हर्ना म्हणाली होती.

ओरिन २०२३च्या मार्चमध्ये गेला, पलंगावर, आडवा, झोपेत. दफनाच्या दिवशी बंदरातल्या एका जहाजानं पुलाला देतात तशी सलामी दिली. एक लांब, दोन आखूड. त्याच आठवड्यात खळगे बुजले, असं लव्हॉननं लिहिलं होतं. मग ती मुलीकडे गेली. तिकडे तिनं संत्र्याचं झाड लावलं आहे.

व्हर्ना पंचाहत्तर वर्षांची आहे. तिचं घर टेकडीच्या उतारावर आहे. खुब्याचं हाड बदलून घेतल्यापासून ती जिने टाळते, बाकी बरी आहे. सकाळी कॉफी, वेलदोड्याचा पाव, वर्तमानपत्रातलं कोडं. ते ती पेनानंच सोडवते, पहिल्यापासूनची खोड. दुपारच्या जेवणानंतर खिडकीशी कोचावर तासभर पडते. तिच्या मते आयुष्यात इतकं छान ती कधीच झोपली नव्हती.

गेल्या ऑक्टोबरात अशीच ती उठली. धुकं होतं, भोंगा वाजत होता. कोडं छातीवरून घसरून खाली पडलं होतं. तिनं ते उचललं. पानाच्या कडेला, पेन्सिलीनं, उभ्या अक्षरांत, एकच आकडा होता. सोळा.

 तिची उजवी टाच उबदार होती.

घरात पेन्सिल नव्हती. संध्याकाळी ती काठी टेकत कोपऱ्यावरच्या दुकानात गेली आणि एक घेऊन आली. आता रोज दुपारी आडवं व्हायच्या आधी ती त्या पेन्सिलीला टोक करते आणि कोचाच्या पायाकडच्या बाजूला ठेवते.

ह्या आठवड्यात श्वासांचा आकडा ओरिनच्या चौदावर आला आहे.